सध्या काय खेळतोस?

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून मुले यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्याच्या घरी परततात. फराळ आटोपतो आणि तासाभरात नातवाचे दोन-तीन जुने मित्र ओसरीवर जमतात. आपण बंगईवर बसलेले असता. त्यांचा पहिला प्रश्न नोकरीचा नसतो, परीक्षेचा तर नसतोच. ‘सध्या काय खेळतोस?’ असे एकजण विचारतो आणि पुढचा बराच वेळ मराठीच, पण अनोळखी नावांनी भरलेली, आपल्या कानांवर पडत राहते. कोणी सांगतो की सुरुवात कंटाळवाणी आहे, पण पुढे कथा वळण घेते. दुसरा त्याला घाईने थांबवतो : शेवट सांगू नकोस, मी अजून तिथवर पोचलो नाही.

हे बोलणे आपल्याला वाटते तितके परके नाही. ग्रंथालयातून आणलेली कादंबरी घरात तिघांच्या हातून फिरे, तेव्हा आपणही हीच विनवणी करीत होता. मुले त्या खेळांविषयी जे बोलतात त्यात पात्रांची पारख असते, संगीताची तारीफ असते, फसलेल्या कथेबद्दल नाराजी असते. मात्र वाचक पुस्तकात पराभूत होत नाही. खेळणारा होतो, आणि कोणत्या वळणावर तो कितीदा हरला हे तो अभिमानाने सांगतो. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट ज्यांनी बालपणी खेळला, त्यांना अठ्ठ्याण्णवावर दबा धरून बसलेल्या सापाचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘किती वेळ खेळतोस?’ असे विचारण्याआधी ‘काय खेळतोस?’ असे विचारून पाहा. पहिला प्रश्न हिशेब मागतो, आणि हिशेब मागितला की मूल खोलीत निघून जाते.

कोठून आरंभ करावा, असे वाटत असेल तर ‘राजी’ या खेळाची चौकशी करा. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने तो घडवला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या वाटचालीवर आपसांत बोलत असतात. मधली कथा छायाबाहुल्यांच्या रूपाने पुढे सरकते. वाटेवरच्या भिंतींवर देवदेवतांच्या कथा रंगवलेल्या दिसतात. येथे एक गंमत घडते. खेळाची कळ नातवाच्या हाती असते, परंतु त्या चित्रांमागची कथा बहुधा आपल्यालाच अधिक ठाऊक असते. तो थांबतो, आपण सांगता, मग तो पुढे जातो.

या वयात खेळायचे तरी कसे, असे मनात येईल. जपानमधील हमाको मोरी या आजी पन्नाशी ओलांडल्यावर व्हिडिओ गेम खेळू लागल्या आणि २०२० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, आपल्या खेळाच्या चित्रफिती लोकांना दाखवणाऱ्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. लुडो मोबाइलवरही तोच आहे, आणि वणीतल्या आजी व पुण्यातली नात एकाच डावात बसू शकतात.

मेंदूला लाभ होतो का? २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींनी महिनाभरात सुमारे १२ तास, मुद्दाम तयार केलेला मोटार चालवण्याचा खेळ खेळला. दोन कामे एकाच वेळी सांभाळण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी ५५ ते ७५ वयाच्या गटाला सहा महिने ‘सुपर मारिओ’ खेळायला लावले, तेव्हा स्मृतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात वाढ आढळली. दोन्ही अभ्यासांत माणसे थोडी होती. यावरून खेळामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी सांगू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि डॉक्टरांची औषधे तर मुळीच थांबवू नयेत.

शेजारी बसून पाहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पडद्यावरचे दृश्य भराभर फिरू लागले की काहींना गरगरते, मळमळते. अशा वेळी दृष्टी खिडकीबाहेर वळवावी, डोके स्थिर होईपर्यंत बसून राहावे आणि आधार धरूनच उठावे; घाईत उठून तोल जाणे अधिक महागात पडते. घरात कोणाला फेफऱ्याचा त्रास असेल तर लखलखणारे खेळ वैद्यकीय सल्ल्याशिवाय नकोत. कंपवात असलेल्यांसाठी वेगाचे खेळ टाळून आपापल्या सवडीने चाल करता येईल असे निवडावेत.

आता चिंतेचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी व दैनंदिन कामांपेक्षा खेळच मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, आणि हे साधारणतः बारा महिने चालणे, अशी त्याची लक्षणे. परीक्षेनंतरचे आठ दिवसांचे वेड म्हणजे आजार नव्हे. रसाने बोलणाऱ्या मुलापेक्षा, जे आधी बोलत होते आणि आता विषय निघताच गप्प होते, वेळ लपवते, जेवण व झोप चुकवते, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नये.

पैशांचा खेळ ही निराळीच गोष्ट आहे, आणि तेथे जाळ्यात सापडणारे केवळ तरुण नसतात. निवृत्तिवेतन खात्यात असलेल्या, दुपारी एकटे असलेल्या माणसाला रमीच्या जाहिराती नेमक्या गाठतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. तरीही जिंकलेल्या रकमेचा संदेश आला, ती मिळवण्यासाठी आधी काही भरा असे कोणी सांगितले, तर ती फसवणूकच समजावी. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर होतो तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांची सेवा करणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की मुलाने आजोबांच्या उशाशी बसून वीस मिनिटे खेळावे आणि काय चालले आहे ते सांगत राहावे. आवाज बेताचा, पडदा त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात, चष्मा डोळ्यांवर. आजोबांना नियम कळले नाहीत तरी चालेल. पुढच्या रविवारी पुण्याहून फोन आला की प्रकृतीची विचारपूस होईलच. त्यानंतर त्यांच्या हाती फोन द्या आणि गोलू सापडला का, एवढे त्यांना विचारू द्या.