शाळेतलं हॅलोविन: भीती नेमकी कशाची बाळगायची?



आजचा भाग एका आजींच्या प्रश्नावरून सुचला. आजी इंदूरच्या. मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात. ऑक्टोबरात आजी तिकडे जाणार आहेत आणि नेमकी याच वर्षी मुलीने नातवाच्या शाळेतल्या हॅलोविनच्या कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर घेतली आहे. नातू सहा वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आजींनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, ‘अनोळखी लोकांकडून चॉकलेटं घ्यायची म्हणतात, त्यात कोणी काही घातलं तर?’ आणि दुसरी, ‘त्या दिवसासाठी मी घरून काय करून नेऊ?’

पहिला प्रश्न जास्त घाबरवणारा वाटतो. पण माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. कसा, ते बघू.

हे हॅलोविन म्हणजे काय?

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या ‘सॉविन’ या सणात आणि ख्रिश्चनांच्या सर्व संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्रीत त्याचं मूळ आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडून आलेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत रुजला. मायदेशी ते सलगम कोरून दिवा करत, इथे त्यांना भोपळा मिळाला. आता मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि पिशवीत गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात.

विषाची भीती

आजींच्या मनात आलं ते अमेरिकेतल्या आयांच्याही मनात अनेक वर्षं आहे. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइड घातलेला खाऊ खाऊन गेला. सगळा देश हादरला. पण ते विष कुणा अनोळखी माणसाने घातलेलं नव्हतं. विम्याच्या पैशांसाठी खुद्द बापानेच ते केलं होतं. त्याला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला.

जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासत आले आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊतल्या विषामुळे मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, असं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलेलं नाही. तरीही खाऊ घरी आणून उजेडात बघावा, फाटकं वेष्टन असेल तर टाकून द्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात. पण सगळी काळजी तिथेच खर्च करू नये.

खरा धोका रस्त्यावर

२०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास आला. हॅलोविनच्या संध्याकाळी गाडीखाली येऊन पादचाऱ्यांचा मृत्यू होण्याचा धोका, आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होता. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो दहापट होता. आणि सर्वांत धोक्याची वेळ होती संध्याकाळी सहाच्या आसपासची.

सहाच का? न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्य साधारण त्याच सुमारास मावळतो. लोक कामावरून घरी येत असतात, मुलं तेव्हाच बाहेर पडतात. अंगावर काळे झगे, तोंडावर मुखवटा, लक्ष समोरच्या दारावर. उभ्या गाड्यांच्या मधून एखादं मूल धावत सुटलं, तर चालवणाऱ्याला ते दिसतच नाही.

म्हणून अनेक शाळांनी आणि चर्चेसनी एक वेगळी पद्धत काढली, ‘ट्रंक ऑर ट्रीट’. ट्रंक म्हणजे आपली गाडीची डिकी. शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या करायच्या, डिक्या उघडून सजवायच्या, आणि मुलांनी दारोदार न फिरता एकेका डिकीपुढे जाऊन खाऊ घ्यायचा.

पण गंमत बघा. रस्त्याचा धोका टाळण्यासाठी आपण मुलांना कुठे आणलं? गाड्यांच्या तळावर. त्यामुळे या कार्यक्रमाचा पहिला नियम असा: मुलं आत असताना एकही चाक फिरता कामा नये.

कार्यक्रम पाच ते साडेसहा असेल, तर सजवायच्या गाड्या सव्वाचारपर्यंत आत याव्यात. साडेचारला फाटक बंद, इंजिनं बंद. कोणाला लवकर निघायचं असेल, त्याने गाडी आत लावूच नये. पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्या जागी किंवा बाहेर लावाव्यात आणि तिथून आत येताना जिथे रस्ता ओलांडावा लागतो, तिथे चमकतं जाकीट घातलेली मोठी माणसं उभी करावीत. मुलांनी एकाच दिशेने फिरावं, मध्ये भरपूर जागा असावी, म्हणजे ढकलाढकली होत नाही. रुग्णवाहिकेसाठी एक वाट मोकळी ठेवावी. आणि शेवटी शेवटचं मूल बाहेर पडल्याची खात्री झाल्यावरच गाड्या हलवाव्यात. घाई होते ती तेव्हाच, आणि अंधारही तेव्हाच असतो.

एक साधा हिशोबही सांगतो. दोनशे मुलं आणि वीस गाड्या असतील, तर प्रत्येक गाडीपाशी किमान दोनशे नग हवेत. म्हणून आधी नावनोंदणी करा. खाऊ संपला की मुलं पुढच्या गाडीकडे धावतात आणि ओळ मोडते.

आग आणि सोंग

दिवाळीत पणतीजवळ ओढणी सांभाळ, असं आपण प्रत्येक मुलीला सांगतो. इथेही तेच. पातळ नायलॉनचे घोळदार झगे, खोटे केस, भोवती सुक्या गवताची सजावट आणि कोरलेल्या भोपळ्यात जळती मेणबत्ती. शाळेत मेणबत्ती नकोच. बॅटरीचे दिवे लावा. सोंगाचं कापड लवकर पेट न घेणारं आहे ना, हे चिठ्ठीवर वाचा.

झगा घोट्याच्या वर असावा, बूट रोजचेच असावेत. मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा, कारण मुखवट्यातून आजूबाजूचं दिसत नाही. रंग एक-दोन दिवस आधी हातावर थोडा लावून बघा. पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवा. आणि थंडी विसरू नका. आतून स्वेटर घालता येईल एवढं सोंग सैल शिवा.

आता दुसरा प्रश्न: खाऊ

आजींच्या मनात काय असणार, ते मला कळतं. शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, तिळाच्या वड्या, चिवडा. नातवाला शेंगदाणा चालत नाही, हे त्यांना माहीत आहे. पण कार्यक्रमाला दोनशे मुलं येणार, त्यांतल्या आणखी कुणाला काय चालत नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

अमेरिकेच्या कायद्यात नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जलचर, काजू-बदामांसारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. बंद पाकिटावर हे असल्याचं छापावं लागतं. घरच्या डब्यावर काहीच छापलेलं नसतं. म्हणून अशा कार्यक्रमात घरचं खाणं नको म्हणतात. त्यात आजींच्या हाताचा अपमान नाही.

बंद पाकिटातही एक खोच आहे. छोट्या आकाराच्या चॉकलेटांतले घटक मोठ्या वडीपेक्षा वेगळे असू शकतात आणि एकेका नगावर यादी नसतेही. म्हणून मूळ मोठी पिशवी टाकू नका, ती गाडीपाशीच दिसेल अशी ठेवा. हात धुवायला साबण-पाणी किंवा ओले पुसणे ठेवा. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

याहून सोपी वाटही आहे. २०१२ मध्ये टेनेसी राज्यातल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाने मोरपंखी रंगाचा भोपळा दारात ठेवायला सुरुवात केली. त्याचा अर्थ, ‘इथे खाण्याऐवजी दुसरं काहीतरी मिळेल.’ २०१४ पासून तो उपक्रम देशभर पसरला. पेन्सिली, स्टिकर, चमकणारी कडी. कोणाला वेगळं काढावं लागत नाही. फक्त अगदी लहान मुलांना बारीक वस्तू, कडक गोळ्या, दाणे किंवा पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात.

आणि तरीही चूक झालीच तर? अंगावर गांधी, ओठ सुजणं, आवाज घोगरा होणं, उलट्या, श्वास लागणं ही लक्षणं ओळखणारा माणूस तिथे हवा. तीव्र लक्षणं दिसली की मांडीच्या बाहेरच्या बाजूला एपिनेफ्रिनचं इंजेक्शन लगेच द्यायचं आणि ९११ ला फोन करायचा. नुसती ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. नातवाचं इंजेक्शन गाडीत किंवा घरी नको. ते त्याच्याबरोबर फिरणाऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत हवं.

कोणी हरवू नये, कोणी बाहेर राहू नये

मुलाला सोडून जायचं नाही, सोबत घरचं मोठं माणूस हवंच, असा नियम आधीच कळवा. मनगटावर कागदी पट्टी बांधा आणि पालकांचा फोन नंबर तिच्या आतल्या बाजूला लिहा. हरवलेल्या मुलासाठी एकच ठरलेली, उजेडातली जागा ठेवा.

काही घरांत धर्मामुळे हॅलोविन करत नाहीत. म्हणून अनेक शाळा त्याला नुसता शरद ऋतूचा मेळा म्हणतात आणि भुतं, रक्त, खोटी हत्यारं टाळतात. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी पहिली वीस मिनिटं गाण्यांविना ठेवता येतात. आणि एखादं मूल ‘ट्रिक ऑर ट्रीट’ न म्हणता नुसता हात पुढे करेल. त्याला बोलायची सक्ती करू नका, हसून खाऊ द्या.

तर आजी,

चिक्की इंदूरलाच राहू द्या. जाताना पिशवीत रंगीत पेन्सिली घेऊन जा, आणि जमलं तर नातवासाठी एक सोंग शिवा, घोट्याच्या वर, आत स्वेटर मावेल असं. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मुलीकडून ते इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकून घ्या. सरावाचं, सुई नसलेलं यंत्र मिळतं. त्या संध्याकाळी मुलगी फाटकावर, गाड्यांपाशी धावपळ करत असेल. नातवाचा हात तुमच्या हातात असेल, आणि ती पिशवी तुमच्या खांद्यावर.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.