ठसा उमटतो तो चामड्यामुळे, हातोडीमुळे नव्हे

पाकिटावर, पट्ट्यावर, वहीच्या कव्हरावर घरच्या घरी नक्षी उठवण्याची हौस हल्ली बऱ्याच जणांना आहे. या कामाला खर्च फारसा नाही. बिघडतं ते ऐकीव माहितीमुळे.

गैरसमज : चामडं कुठलंही चालतं.
बहुतेकांची फजिती इथेच होते. बाजारातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ आणि लवचीक असतं. ठोकलं की दबतं आणि थोड्या वेळाने पुन्हा फुगून वर येतं. ठसा धरून ठेवतं ते झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं चामडं. ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. असं चामडं ओलं झालं की तंतू सैल पडतात, दाबाखाली नव्या जागी बसतात आणि वाळताना तिथेच घट्ट होतात.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी दिसली तर बहुधा सालीचं, मध्ये निळसर-राखाडी छटा दिसली तर क्रोमचं. रंगवलेल्या चामड्यात मात्र ही खूण फसवू शकते. न रंगवलेल्या, पॉलिश नसलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जातो आणि डाग गडद होतो. रेक्झिनच्या वाटेला तर जाऊच नका. दुकानातल्या पर्सवर मगरीच्या पाठीसारखी नक्षी असते ना, ती बऱ्याचदा क्रोमच्या चामड्यावरच असते. पण तिथे तापवलेला साचा आणि यंत्राचा प्रचंड दाब असतो. ते घरचं काम नव्हे.

गैरसमज : चामडं रात्रभर भिजत घालावं लागतं.
हरभरे थोडेच आहेत! ओल्या स्पंजाने दोन्ही बाजू सारख्या पुसा आणि थांबा. मूळ रंग परत यायला लागला, पण गालाला लावल्यावर गारवा जाणवतोय, हीच ठोकायची वेळ. फार ओल्या चामड्यात ठशाच्या कडा पसरतात; कोरड्यात ठसा पुसट येतो.

गैरसमज : ठसा गॅसवर तापवला की खोल उमटतो.
सालीचं ओलं चामडं साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसला आक्रसतं, कडक होतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. घरी थंड ठसाच बरा.

गैरसमज : परदेशी औजारांशिवाय जमत नाही.
जाड बोल्टचं टोक सपाट करून त्रिकोणी कानशीने दोन उभ्या, दोन आडव्या खाचा पाडल्या की जाळीचा ठसा तयार. करंजीचं पितळी कातणं पट्टीला धरून फिरवलं तर काठाला नागमोडी रेघ येते. धातूचं नक्षीदार बटण, कापडावर छपाई करायचा लाकडी ठोकळा, तांब्याच्या तारेचा वळवलेला तुकडा, सगळं चालतं. ठोकळा मात्र ठोकू नका, शिकंज्यात दाबून ठेवा. खाली कडप्प्याची फरशी हवी, लाकडी पाट उसळी मारतो. ठशाची धार पॉलिश पेपरने मोडून घ्या, नाहीतर नक्षीऐवजी काप पडतो. अक्षर कोरायचं असेल तर आरशात दिसतं तसं उलटं.

लोखंडाबाबत एक इशारा. ओल्या चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की निळा-काळा डाग पडतो. कलमकारीतला काळा रंग हिरडा आणि लोखंड यांच्या याच संयोगातून येतो. तिथे तो हवा असतो, तुमच्या पाकिटावर नको. म्हणून गंजका खिळा टाळा. पितळ, स्टेनलेस स्टील किंवा लाकूड वापरा. डाग पडलाच तर लिंबाचा रस हलक्या हाताने लावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. ताजा डाग बराच फिका होतो.

गैरसमज : एकदा उठलेली नक्षी कायमची.
चामडं पुन्हा चिंब भिजलं तर ती पसरट होते. तेल जास्त चोळलं की चामडं मऊ पडतं आणि कडाही बुजतात. तेलाचा हात हलकाच हवा, तोही चामडं सावलीत पूर्ण वाळल्यावर.

पहिल्याच दिवशी अख्खं कातडं विकत घेऊ नका. कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या कारागिराकडे उरलेले तुकडे मागा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचे आणि न रंगवलेले मिळाले तर हात बसवायला तेवढे पुरेत.