समुद्राचं पाणी बदललं आणि कालवांची पिल्लं मरू लागली

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यात नेटार्ट्स नावाची खाडी आहे. तिच्या काठावर व्हिस्की क्रीक ही कालवांची हॅचरी आहे. कोंबड्यांच्या हॅचरीत पिल्लं काढतात, तशी इथे टाक्यांमध्ये कालवांची पिल्लं काढली जातात. या भागात पाळलं जाणारं कालव मूळचं जपानचं. इथल्या थंड पाण्यात त्याची वीण भरवशाची नसते, त्यामुळे शेतकरी हॅचरीतून बी विकत घेतात.

२००७ च्या सुमारास या टाक्यांमधली पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली.

आधी संशय कुणावर आला?

जिवाणूंवर. पाणी गाळण्याची आणि स्वच्छ करण्याची महागडी यंत्रणा बसवली, तरी पिल्लं मरतच राहिली. मग ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांसोबत पाण्याचीच तपासणी झाली आणि खरं कारण सापडलं. २०१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

पाण्यात काय होतं?

माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचं कार्बोनिक आम्ल बनतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा छोटा दिसतो, पण त्याचा अर्थ आम्लता २५ ते ३० टक्क्यांनी वाढली. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, पण शिंपला बनवायला लागणारं कार्बोनेट मात्र पाण्यात कमी होत चाललंय.

मग मोठी कालवं सोडून पिल्लंच का मरतात?

अंडं फलित झाल्यावर साधारण दोन दिवसांत पिल्लाला पहिला शिंपला तयार करावा लागतो. तोवर त्याला खाता येत नाही. अंड्यातून मिळालेली शिदोरी हीच त्याची सगळी ताकद. पाण्यात कार्बोनेट कमी असेल, तर तोच शिंपला बनवायला जास्त ताकद खर्च होते. खायला शिकण्याआधीच शिदोरी संपते आणि पिल्लू मरतं किंवा कमजोर राहतं. म्हणजे इथे तयार शिंपला विरघळत नाही, तो घडतानाच पिल्लू थकून जातं.

उपाय सापडला का?

हॅचरीपुरता सापडला. तिथे आता पाण्याची सतत मोजणी होते आणि गरज पडली की त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मिसळला जातो. टाक्या शक्यतो दुपारी भरतात. दिवसभराच्या उन्हात खाडीतल्या वनस्पतींनी बराच कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो.

पण टाकीत सोडा टाकता येतो, समुद्रात नाही. उघड्या पाण्यात वीण होणाऱ्या शिंपल्यांना ही सोय मिळत नाही.

शिवाय, या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाऱ्यामुळे खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात सडलेल्या जैविक पदार्थांचा कार्बन आधीच असतो, त्यात माणसाने सोडलेल्याची भर पडते. हे पाणी हवेच्या संपर्कात शेवटचं आलं, त्याला ३० ते ५० वर्षं झालेली असतात. म्हणजे आज समुद्रात मुरणाऱ्या धुराचा हिशेब काही दशकांनी जन्मणाऱ्या पिल्लांना चुकवावा लागेल.