विजेच्या शेगडीचा पंखा

घरांतील एखादें यंत्र मध्येंच थांबलें कीं त्यास दोष देण्याची आपणां सर्वांस घाई होते. आम्हांसही ती गेल्या पावसाळ्यांत झाली होती. त्या वेळीं जें शिकावयास मिळालें तें शाळेंतील बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

वडील तापानें अंथरुणास खिळले होते व घरांतील गॅस संपला होता. त्यांच्यासाठीं पेज इंडक्शन शेगडीवर ठेविली. सात-आठ मिनिटें होतात न होतात तोंच शेगडी टीं टीं करूं लागली, तिच्यावर एक अक्षर व एक आंकडा उमटला आणि पेजेची उकळी विरून गेली. थोड्या वेळानें पुन्हां लावली; पुन्हां तेंच. दुसऱ्या दिवशीं एक कारागीर आला. तो म्हणाला, "उष्णता ओळखणारा मणीच निकामी करून टाकतों, म्हणजे कटकट मिटेल." वडील अंथरुणावरूनच म्हणाले, "अहो, चोर कोण तें पाहण्याआधीं कुत्र्याला कां हांकलतां?" कारागीर निघून गेला व शोध करणें आमच्याकडे आलें.

प्रथम ह्या शेगडीची रचना पाहूं. हिच्यांत जाळ नाहीं. कांचेखालीं तांब्याच्या तारेचें चपटें वेटोळें असतें व त्यांतून सेकंदास २०,००० हून अधिक आवर्तनें करणारा विद्युत्प्रवाह वाहतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें. त्याच नियमानें भांड्याच्या लोखंडी बुडांत प्रवाहाचे भोंवरे उठतात व बूड स्वतःच तापतें. परंतु प्रवाहाची ही उघडझांप करणारा ट्रान्झिस्टरही तापतो. तो अॅल्युमिनियमच्या दांतेरी ठोकळ्यावर बसविलेला असतो. एक लहानसा पंखा बहुधा बुडाकडून थंड हवा ओढून ह्या ठोकळ्यावरून फिरवितो व मागील किंवा बाजूच्या फटींतून बाहेर टाकतो. जवळच बसविलेला उष्णतेचा मणी मर्यादा ओलांडली गेली कीं प्रवाह बंद करवितो. म्हणजे आमची शेगडी थांबत होती, ती स्वतःस वांचविण्यासाठीं.

आतां तपासणीचा क्रम सांगतों. तो बाहेरून आंत जाणारा असावा.

पहिली गोष्ट, शेगडीवर उमटलेल्या अक्षराचा अर्थ तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावा. प्रत्येक कारखान्याची खूण निराळी असते.

दुसरी, शेगडीची जागा पाहावी. ती भिंतीस चिकटून नसावी व दुसऱ्या चुलीची ऊब तिला लागूं नये. तिच्याखालीं कागद किंवा कापड असूं नये.

तिसरी, भांडें ठेवून शेगडी लावावी व फटीपुढें पातळ कागदाची पट्टी धरावी. पट्टी जोरानें फडफडली तर पंखा ठीक आहे. मंद हालली तर वाट कोंदली आहे असें समजावें. मुळींच हालली नाहीं व घरघरही ऐकूं येत नसेल, तर पंखाच थांबला आहे.

चौथी, वाट कोंदली असल्यास प्लग काढून, शेगडी निवाल्यावर, जाळीवरील तेलकट धूळ कोरड्या मऊ कुंचल्यानें काढावी. पाणी वापरूं नये.

येथें विद्यार्थ्यांनीं थांबावें. घरची वीज २३० व्होल्टची असली तरी आंतील कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब चढतो व प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ टिकूं शकतो. म्हणून शेगडी उघडणें हें जाणत्या कारागिराचेंच काम होय. पंख्याची तार सैल झाली आहे, आंस चिकटला आहे कीं पंखाच जळाला आहे, हें तो पाहील. नवा पंखा त्याच मापाचा व तितक्याच व्होल्टचा लागतो. तोही फिरला नाहीं, तर त्याला वीज पुरविणाऱ्या भागांत दोष आहे.

आमच्या घरीं तिसऱ्या पायरीस पट्टी जेमतेम हालली. शेगडी उचलून पाहतों तों स्वच्छतेसाठीं आम्हींच अंथरलेलें मेणकापड पंख्याच्या ओढीनें वर फुगून जाळीस चिकटलेलें! तें काढलें, जाळी पुसली आणि त्या दिवशींची पेज एकदांही न थांबतां शिजली. मणी निकामी केला असता, तर कोंडलेल्या हवेंत शेगडी मुकाट्यानें तापत राहिली असती, आणि आम्ही कटकट मिटली म्हणून समाधान मानिलें असतें.

आणखी एक सूचना. शेगडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो. तो बिघाड नव्हे. आंतील ऊब काढून टाकण्याचें त्याचें काम चाललेलें असतें. तें पुरें होईपर्यंत भिंतीवरील खटका बंद करूं नये.