रावळ्यातील तीन रात्री

गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी गोडवाडची पंचतीर्थी केली. राणकपूर, मुछाळा महावीर, नारलाई, नाडोल आणि वरकाणा ही पाचही क्षेत्रे राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, अरवलीच्या पायथ्याशी आहेत. फालना स्थानकावर उतरले की तीन दिवसांत सर्व दर्शने निवांत होतात. एरवी आमचा मुक्काम धर्मशाळेत असतो. या खेपेस सूनबाईंनी आम्हांस न विचारता एका गावच्या रावळ्यात खोली राखून ठेवली होती. रावळा म्हणजे तेथील जहागीरदार ठाकुराचा वाडा. आता त्याच घराण्यातील मंडळी तेथे पाहुणे ठेवतात.

मला हा बेत फारसा रुचला नव्हता. आमचे पणजोबा याच मुलखातून लोटा-दोरी घेऊन पुण्यास आले. ज्या ड्योढीवर ते पागोटे सावरून उभे राहत असतील, तेथे आपण पैसे मोजून पलंगावर निजावे, हे काही मनास पटेना. शिवाय राजपुतांच्या घरचे स्वयंपाकघर!

दारावर स्वतः ठाकूरसाहेब उभे होते. पन्नाशीचे गृहस्थ, अंगात विटका स्वेटर. ‘पधारो हुकम’ म्हणत त्यांनी माझी पिशवी घेतली, ती नोकराहाती न देता वर खोलीपर्यंत आणली. काउंटर नाही, किल्ल्यांचा फळा नाही. बैठकीतील मेजावर एक लांबट वही, तीत नाव लिहिले की झाले.

ठकुराणीसांनी पहिला प्रश्न विचारला तो चौविहाराचा. ‘सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, पाच वाजता थाळ्या लावू का?’ स्वयंपाकघराविषयीची माझी शंका त्यांनी न विचारताच ओळखली असावी. त्यांनी आम्हांला जनान्यातील एक लहानसा चौका दाखवला. त्यांच्या आजेसासूबाई वैधव्यानंतर निरामिष राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळा मांडलेला तो चौका, त्यातील पितळी भांड्यांसह, अद्याप तसाच चालू आहे. जैन पाहुण्यांचे अन्न तेथेच शिजते. गट्टे, केर-सांगरी, कढी, मक्याची रोटी. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही. सौभाग्यवतींनी तिसऱ्या दिवशी आपण होऊन त्या चुलीपाशी पाट मांडला आणि पापडाची भाजी शिकून घेतली.

गैरसोयी होत्या, त्याही सांगतो. पहाटे नळाला गरम पाणी येत नसे, बादलीने आणून देत. दुसऱ्या रात्री खोलीत वटवाघूळ शिरले. म्हाताऱ्या नोकराने दिवा मालवला, झरोका उघडला आणि ते आपल्या इच्छेने बाहेर जाईपर्यंत तो अर्धा तास अंधारात बसून राहिला. आमच्या आधी त्यालाच जीवदया सुचली, याची गंमत वाटली.

मात्र तीन रात्रींत माझे लक्ष सर्वांत अधिक वेधले ते भिंतींनी. आतील खोल्यांना आराईश आहे, म्हणजे घोटून संगमरवरासारखा गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. एका भिंतीचा मात्र कमरेपर्यंतचा भाग फुगून सुटला होता. ठाकूरसाहेब म्हणाले, ‘वडिलांनी घाईत सिमेंट लावले, त्याचे फळ.’ चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. वर सिमेंट थापले की ती ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. आता ते गावातल्याच एका वृद्ध गवंड्याकडून चुना भिजवून, मुरवून घेतात आणि दर वर्षी दोन खोल्या हाती घेतात. अशा आठ खोल्या आहेत. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही. बँकेतल्या सवयीने मी घसाऱ्याचा हिशेब विचारला. ते हसले, ‘आमचा घसारा भाद्रपदात छतातून गळतो, हुकम!’

१९५२च्या कायद्याने राजस्थानातील जहागिरी सरकारजमा होऊ लागल्या आणि अशा घराण्यांचे उत्पन्न आटले. वाडे मात्र राहिले, आणि वारसही वाढले. पर्यटन मंत्रालयाच्या नियमांप्रमाणे १९५०पूर्वीच्या वाड्या-हवेल्यांना हेरिटेज हॉटेलचा दर्जा मिळू शकतो, परंतु वारसांतच एकमत नसेल तर त्या दर्जाचा काय उपयोग? या घरात तिघे भाऊ. त्यांनी लेखी करार केला: मालकी तिघांची, कारभार एकाचा, उरलेल्या दोघांसाठी प्रत्येकी एक खोली बारमाही राखीव, दुरुस्तीचा खर्च आधी वजा आणि शिल्लक उरली तर तिचे तीन हिस्से. कागद साधाच, दोन पानांचा. मी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

नोकरीत असताना तालुक्याच्या गावातील एका वाड्याचे कर्जप्रकरण माझ्या मेजावर आले होते. मालकांना तेथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. अकरा वारसांपैकी दोघांच्या सह्या नव्हत्या. मी फाईल परत पाठवली. नियमाने तेच योग्य होते. पुढे दोन पावसाळ्यांत तो वाडा बसला.

शेवटच्या दिवशी राणकपूरला गेलो. धरणाशाहांनी पंधराव्या शतकात उभारलेले ते चौमुख जिनालय आज ज्या स्थितीत दिसते, त्यामागे आणंदजी कल्याणजी पेढीने विसाव्या शतकात केलेला जीर्णोद्धार आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराची टीप निघाली की आपल्याकडे कोणाचा हात मागे राहत नाही.

परतताना वाट थोडी वाकडी करून आमच्या वडिलोपार्जित घरी गेलो. दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या पुरोहितांकडे होती. कुलूप मात्र तेल घातल्यावरही उघडेना, तेव्हा मागच्या पडक्या भिंतीवरून आत उतरलो. चौकात पिंपळ वाढला आहे. तिबारीचे छत एका कोपऱ्यात खचले आहे, बाकी शाबूत. पणजोबांच्या पेढीची लाकडी गादी वाळवीने खाल्ली, पण दरवाजावरील कोरीवकाम अजून बोटांनी चाचपता येते. त्याच दरवाजासाठी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला, असे पुरोहित म्हणाले. आम्ही सतरा हिस्सेदार आहोत: पुणे, इचलकरंजी, चेन्नई, बंगळूर. लग्नकार्यात भेटलो की घराचा विषय निघतो आणि जेवणाची पंगत बसली की संपतो.

तेथूनच चेन्नईस चुलतबंधूंना फोन लावला. वयाने तेच सर्वांत ज्येष्ठ. भाईसाहेबांनी विचारले, ‘गिऱ्हाईक मिळाले का? किती म्हणतो?’

मी म्हणालो, ‘गिऱ्हाईक नाही, भाईसाहेब. छताचे माप घेतले आहे. आणि दोन पानांचा एक कागद आणला आहे, तो आपल्याला टपालाने पाठवतो. वाचून सही करावी.’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पिंपळ आधी काढून घे. मुळे भिंतीत गेली असतील.’