आठवत नाही, म्हणजे नाहीच काय?

विस्मरण म्हणजे पाटीवरची अक्षरे पुसली जाणे, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की वर्गातले गुरुजी आणि ठाण्यातला हवालदार दोघेही तिच्यावर विसंबून निवाडा देऊन मोकळे होतात. मुलाला उत्तर आले नाही, म्हणजे त्याने अभ्यास केला नाही. साक्षीदाराला तारीख सांगता आली नाही, म्हणजे तो खोटे बोलतो. या समजुतीला मानसशास्त्राने केव्हाच सुरुंग लावला आहे. त्याचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करण्याचे स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. काळ लोटतो तसे पाठांतर ओसरते, एवढेच त्यातून लोकांच्या लक्षात राहिले. पण विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हीही त्याचीच मोजणी होती. म्हणजे पाटी कोरी झालेली नव्हती.

१९६६ साली एंडेल टल्विंग आणि झीना पर्लस्टोन यांनी विद्यार्थ्यांना गटवार शब्दांच्या याद्या ऐकवल्या. सर्वांत मोठी यादी ४८ शब्दांची होती. नंतर काहींना कोरा कागद दिला, काहींना गटांची नावे लिहिलेला. मोठ्या याद्यांच्या बाबतीत, नावे मिळालेल्यांना कितीतरी अधिक शब्द आठवले. कोरा कागद मिळालेल्यांना मागाहून तीच नावे दिली, तेव्हा त्यांचेही 'विसरलेले' शब्द परत आले. खरी मेख पुढे आहे. एखादा गट आठवला की त्यातले शब्द दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना जवळजवळ सारखेच आठवत होते. फरक पडत होता तो गटच्या गट निसटल्यामुळे. कणगीत धान्य होते. कणगीकडे जाण्याची वाट सापडत नव्हती. त्या वाटेवर नेणाऱ्या गोष्टीला आपण खूण म्हणू.

खूण कोणतीही चालत नाही. टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली असे मांडले की, अनुभव मनात साठवला जाताना जी गोष्ट त्याच्याशी जोडली गेली, तीच पुढे खूण म्हणून उपयोगी पडते. विचारणाऱ्याला जवळची वाटणारी खूण सांगणाऱ्याच्या आठवणीला चिकटलेली असेलच असे नाही. समजा, एका शेतमजूर बाईला विचारले, "तारीख काय? वाजले किती होते?" तिच्या मनात तो दिवस कॅलेंडरावर नोंदलेलाच नाही. तो ज्वारीच्या काढणीशी, बाजाराच्या वाराशी, लेकीच्या बाळंतपणाशी बांधलेला आहे. कागदावर मात्र उतरते : 'साक्षीदारास आठवत नाही.' त्या दिवशी कुणाच्या रानात काम होते, भाकरी कुठे सोडली, असे विचारले असते तर?

जागेचेही असेच असते काय? गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाणबुड्यांवर केलेला प्रयोग पाठ्यपुस्तकांतून गाजला : पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात. २०२१ साली तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा हा परिणाम आढळला नाही. तेव्हा जागेच्या महिम्याचा फार गाजावाजा नको. स्टीव्हन स्मिथ याच्या १९७९ च्या प्रयोगांत, जिथे शब्द शिकले ती खोली नुसती मनाने उभी केल्यानेही आठवायला मदत झाली. आपल्याला हे अधिक कामाचे, कारण साक्षीदाराला प्रत्येक वेळी घटनास्थळी नेता येत नाही.

अमेरिकेत गाइझलमन आणि फिशर यांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराला विचारण्याची जी पद्धत बांधली, तिचा पाया हाच. आधी ती जागा, तो उजेड, मनाची तेव्हाची अवस्था त्याला मनात उभी करू द्यायची. मग मध्ये न तोडता त्याला सांगेल ते सांगू द्यायचे.

इथे कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे. खूण देणे वेगळे आणि उत्तर तोंडात घालणे वेगळे. लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीचे चित्रण सर्वांनी एकच पाहिले. 'आदळल्या' हा हलका शब्द वापरून ज्यांना वेग विचारला, त्या ५० पैकी ७ जणांनी आठवडाभराने फुटकी काच पाहिल्याचे सांगितले. 'चुराडा झाला' असा शब्द वापरला त्या ५० पैकी १६ जणांनी. काच फुटलेलीच नव्हती. आपल्या बाजूच्या माणसाची जबानी घेताना उत्साहाच्या भरात असा एखादा शब्द सहज निघून जातो, आणि उलटतपासणीत तोच त्याच्या गळ्याशी येतो. म्हणून खूण घ्यायची ती त्याच्याच बोलण्यातून, आणि जबानीच्या कागदावर त्याच्या उत्तराशेजारी आपला प्रश्नही शब्दशः लिहायचा.