फोनच्या जागेवरचा राऊटर

2005 च्या जानेवारीत बीएसएनएलचं ‘डेटावन’ सुरू झालं. त्याच महिन्यात केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला. पहिल्या गोष्टीच्या जाहिराती झाल्या, दुसरी राजपत्रात छापून राहिली. घराघरातलं वायफाय मात्र या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. या काळात वर्ध्यातल्या घरांनी राऊटर कसे निवडले हे पाहायला लागलं की एक जुनी वस्तू सारखी आडवी येते : टेलिफोन.

सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. पुढे रामनगरात, हिंगणघाटात, आर्वीत घरोघरी फोन आले, तेव्हा त्यांचीही जागा ठरून गेली. रस्त्यावरच्या खांबावरून तार यायची, पुढच्या भिंतीला भोक पडायचं आणि बैठकीत दाराजवळच्या स्टुलावर फोन बसायचा. शेजाऱ्यांचेही फोन यायचे, त्यामुळे ती जागा सोयीचीच होती. डेटावनचा मोडेम आला तो त्याच तारेवर, स्प्लिटर लावून, त्याच स्टुलावर. पुढे वायरलेस मोडेम आला, तोही तिथेच. नंतर फायबर आलं आणि बहुतेक ठिकाणी ते त्याच भोकातून आत घेतलं गेलं. मागच्या खोलीत रेंज नाही, ही तक्रार त्या भोकापासून सुरू होते.

सुरुवातीला ही तक्रार नव्हती, कारण मागच्या खोलीत वायफाय लागणारं काही नव्हतंच. तेव्हाच्या सरकारी व्याख्येप्रमाणे 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याला एक जीबी, आणि रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. म्हणून रात्री संगणक चालू ठेवून झोपायची पद्धत पडली. त्या काळच्या साध्या राऊटरच्या खोक्यावर 54 एमबीपीएस लिहिलेलं असायचं, म्हणजे यंत्र तारेपेक्षा दोनशे पटींनी वेगवान! राऊटर बदलून काही वाढण्यासारखं नव्हतंच. तरीही एका अँटेनाचा देऊन दोन अँटेनांचा घेणारे होतेच. दुकानात अँटेना मोजता येतात, तांब्याच्या तारेतला जोड दिसत नाही.

त्या वर्षांत राऊटर बदलायचं खरं कारण होतं वीज, आणि तीही दोन्ही अर्थांनी. भारनियमनात लाईट गेली की नेट जायचं. मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की कुणीतरी धावत जाऊन फोनची तार उपसायचं. तांब्याच्या तारेतून येणारा झटका मोडेम जाळून जायचा. फायबरमध्ये काच असल्याने ती बाजू सुरक्षित झाली. अ‍ॅडॉप्टरची बाजू अजून तशीच आहे. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ही माझ्या मते या वीस वर्षांतली सगळ्यात शहाणी खरेदी आहे, आणि राऊटरबद्दलच्या चर्चेत तिचं नाव सगळ्यात शेवटी निघतं.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि अनेकांनी लँडलाइन परत केली. राऊटर माळ्यावर गेले. ते खाली उतरले 2020 च्या टाळेबंदीत. पुण्यात नोकरी करणारी मुलं लॅपटॉप घेऊन घरी परतली, शाळा मोबाईलवर भरू लागली, आणि पहिल्यांदाच घरातली प्रत्येक खोली एकाच वेळी नेट मागू लागली. गणितही उलटं झालं होतं. फायबर शंभर एमबीपीएस आणत होतं, आणि माळ्यावरून उतरलेला राऊटर फक्त 2.4 वर बोलणारा. खोक्यावर 300 छापलेलं, पण मागचे पोर्ट शंभरचे. हवेत शेजाऱ्यांच्या सगळ्या राऊटरांची गर्दी, कारण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : एक, सहा आणि अकरा. 2.4 आणि पाच, दोन्ही पट्ट्यांवर बोलणारा ड्युअल बँड राऊटर घेण्याला तेव्हा खरा अर्थ आला. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा सरकारने 2018 मध्ये आणखी मोकळा केला होता, तोही कामी आला.

पण पाचचा सिग्नल भिंतीला लवकर हरतो, आणि आमच्याकडच्या अरुंद प्लॉटवरची घरं आगगाडीच्या डब्यांसारखी : बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं अंगण. मध्ये विटांच्या नऊ इंची भिंती. त्यात उन्हाळा. मार्चपासून खोलीत लोखंडी कूलर उभा राहतो. पत्रा लहरी परतवतो, टाकीतलं पाणी आणि भिजलेल्या ताट्या त्या शोषतात. हिवाळ्यात नीट चालणारं नेट एप्रिलमध्ये ‘कंपनीने स्लो केलं’ असं वाटतं, त्यातल्या काही तक्रारींचा आरोपी खिडकीपाशी घरघरत असतो. रात्री माणसं गच्चीवर झोपायला जातात, तिथे मोबाईल आणि राऊटर यांच्यात सळयांनी भरलेला स्लॅब. दुकानात राऊटर निवडताना यातलं काहीच सोबत नेता येत नाही.

यावर लोकांनी आधी रिपीटर घेतले. स्वस्तातला रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो; शिवाय तो बसवला जातो नेमका तिथे, जिथे मूळ सिग्नल मेलेला असतो. मग मेश आलं, म्हणजे एकच नेटवर्क मिळून चालवणारे दोन-तीन डबे. ते चांगलं आहे, पण दोन डब्यांमध्ये तार ओढली तरच त्याचे पूर्ण पैसे वसूल होतात. आणि तार ओढायचीच असेल तर मधल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन साधा ड्युअल बँड राऊटर लावणं पुष्कळदा पुरतं. हे ऐकल्यावर पहिला आक्षेप येतो तो वेगाचा नसतो. ‘भिंत कशाला फोडता, आत्ताच रंग दिला ना!’

आता दुकानात वायफाय 7 ची खोकी आली आहेत. त्यांचा खरा जोर ज्या पट्ट्यावर, त्या सहा गिगाहर्ट्‌झच्या खालच्या भागातले 500 मेगाहर्ट्‌झ विनापरवाना करण्याचा मसुदा सरकारने 2025 च्या मे महिन्यात काढला. त्या लहरी पाचपेक्षाही भिंतीला भितात, म्हणजे लांबट घरात त्यांचा लाभ राऊटर असलेल्या खोलीलाच. शंभर-दोनशेच्या प्लॅनवर वायफाय 6 चा, गिगाबिट पोर्टचा राऊटर आज पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत पंधरा मीटर केबल आणि ड्रिलवाल्याची मजुरी सहज निघते. नवं घर बांधत असाल तर प्लास्टरच्या आधीच वायरमनला सांगून मधल्या खोलीच्या छतापर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या.